एक फादर, चार गावं आणि फर्नांडिस साहेबांची लाल रेघ

आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत एक लाकडी पेटी आहे. मिस्सेनंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, बाकांवर विसरलेल्या वस्तू तिच्यात टाकायच्या. छत्र्या, चष्मे, जेवणाचे डबे, एकदा तर दातांची कवळी! न्यायला कुणी येत नाही आणि फेकून द्यायची हिंमत कुणाला होत नाही. पॅरिश कौन्सिलमधले, म्हणजे चर्चच्या पंचमंडळातले, किस्से माझ्याकडे असेच साठले आहेत.

पस्तीस वर्षं मी सोलापुरात बातमीदारी केली. नगरसेवकांची भांडणं पाहिली, कारखान्यांच्या सभांत खुर्च्या उडताना पाहिल्या. पण पॅरिश कौन्सिलइतका माल मला कुठेच मिळाला नाही. आणि छापता मात्र येत नव्हता, कारण मी स्वतःच कौन्सिलचा मेंबर! आता मेंबरशिप गेली आहे. तेव्हा ऐका.

आधी परिस्थिती सांगतो. आमच्या पॅरिशला एके काळी तीन फादर होते. एक सोलापूर शहर बघायचे, दुसरे बार्शी आणि अकलूजकडे जायचे, तिसरे अक्कलकोट भागात, पार मैंदर्गीपर्यंत. एक निवृत्त झाले, एकांची बदली झाली, आणि त्यांच्या जागा तशाच राहिल्या. उरले फादर इनास. वय अडुसष्ट, मूळचे वसईकडचे, दोन्ही गुडघे बदललेले. चार गावांची मिस्सा, लग्नं, अंत्यविधी, कॉन्फेशन, आजाऱ्यांचे संस्कार, सगळं या एका माणसाच्या नव्या गुडघ्यांवर!

मग बिशप हाऊसचं पत्र आलं. 'धर्मगुरूंची संख्या मर्यादित असल्याने आध्यात्मिक सेवेचे स्थानिक पातळीवर नियोजन करावे.'

नियोजन हा शब्द आला की मी सावध होतो. आमच्या शहरात नळाला पाणी नसलं की पाण्याचं नियोजन सुरू होतं.

* * *

नियोजनासाठी समिती नेमली. अध्यक्ष फर्नांडिस साहेब. आयुष्यभर रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात बसलेला माणूस. कोणती गाडी थांबवायची आणि कोणती पुढे काढायची हे ठरवणारा. नोकरी संपली, पण गाड्या डोक्यातून उतरल्या नाहीत.

पहिल्याच बैठकीत त्यांनी भिंतीवर तक्ता लावला. आडव्या रेघा म्हणजे गावं, उभ्या रेघा म्हणजे तास. आणि त्यातून तिरकी पळणारी लाल रेघ म्हणजे फादर इनास!

लाल रेघ रविवारी सकाळी सातला सोलापुरातून सुटायची, मैंदर्गीला मिस्सा करून परत फिरायची, दुपारी बार्शी, चारला अकलूज, रात्री सोलापूर यार्डात. मी डोक्यात अंतर मोजलं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास!

"साहेब, फादर जेवणार कुठे?" मी विचारलं.

"बार्शीला बारा मिनिटांचा हॉल्ट आहे, मिस्टर साळवे."

"आणि बाथरूम?"

फर्नांडिसांनी तक्ता जवळून पाहिला. पेन्सिलीनं एक बारीक टिंब काढलं.

"टेंभुर्णी," ते म्हणाले. "टेक्निकल हॉल्ट."

फादर इनास कोपऱ्यातल्या खुर्चीत गुडघे चोळत बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. लाल रेघेला काय विचारायचं?

* * *

या तक्त्यातलं टोकाचं स्टेशन म्हणजे मैंदर्गी, आणि मैंदर्गीत मार्थाव्वा. तिकडे म्हाताऱ्या बाईला अव्वा म्हणतात. मार्थाव्वा मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होती. निम्म्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची. आता पंच्याऐंशीच्या पुढं, अंथरुणाला खिळलेली. जीभ मात्र ठणठणीत.

लाल रेघ मैंदर्गीला पोहोचायची ती कागदावरच; फादर शहरातच अडकायचे, म्हणून दर रविवारी डॅनियल मास्तर एसटीनं तिच्याकडे जायचे. मास्तर म्हणजे आमचे निवृत्त शिक्षक. फादर पोहोचत नाहीत तिथे प्रार्थना घ्यायची, बायबल वाचायचं, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायचा, एवढं मास्तरांना चालतं. कॉन्फेशन ऐकणं चालत नाही. पाप ऐकून क्षमा द्यायची ती फक्त फादरांनी. आणि मार्थाव्वाला नेमकं तेच हवं होतं.

"मास्तर, मला फादरास्नी एक गोष्ट सांगायची हाय. मरायच्या आदी."

"अव्वा, मला सांगा. मी त्यांच्या कानावर घालतो."

"तुमी पोस्टमन हाव, मास्तर. आन् हे उघडं कार्ड न्हाय!"

मास्तरांनी समितीकडे विनंती केली. फर्नांडिस म्हणाले, तोंडी विनंती चालणार नाही, ऑनलाइन फॉर्म आहे. फॉर्मवर आजाराची अवस्था निवडायची होती: सौम्य, मध्यम, गंभीर, अत्यवस्थ. खाली ठळक अक्षरांत टीप. 'अत्यवस्थ रुग्णांनी किमान पंधरा दिवस आधी कळवावे.'

ती टीप मी बैठकीत मोठ्यांदा वाचून दाखवली. वाटलं, लोक हसतील. एका बाईंनी पर्समधून डायरी काढून लिहून घेतली!

मास्तरांनी मार्थाव्वाच्या खाटेशी बसून मोबाइलवर फॉर्म भरला. लगेच उत्तर आलं. 'आपली विनंती स्वीकारली आहे. प्रतीक्षा यादी क्रमांक ९.'

मार्थाव्वानं ते दोनदा वाचून घेतलं.

"म्हंजे माज्या पुढं आट जन हायती."

"होय, अव्वा."

"त्यातलं कुनी गेलं की माजा नंबर वर सरकतुय, व्हय की न्हाय?"

मास्तरांनी मोबाइल खिशात टाकला.

"मग दर रविवारी येताना तेवढं सांगत जावा," ती म्हणाली. "कोन गेलं ते."

* * *

राखेच्या बुधवारची गोष्ट. आमचा उपवासकाळ त्या दिवशी सुरू होतो. फादर राखेवर आशीर्वाद देतात आणि ती कपाळाला लावतात. माणसा, तू माती आहेस, मातीलाच मिळणार आहेस, हे ध्यानात राहावं म्हणून. फादर शहरात अडकलेले, म्हणून समितीनं ठरवलं की आशीर्वादित राख स्टीलच्या डब्यातून मास्तरांबरोबर मैंदर्गीला रवाना करायची.

एसटी खचाखच. मास्तर दोन्ही हातांनी डबा छातीशी धरून उभे. कंडक्टर आला.

"आजोबा, डबा खाली ठेवा की. तिकीट काढायचंय."

"खाली ठेवता येत नाही हो," मास्तर म्हणाले. "राख आहे."

कंडक्टरचा आवाज एकदम उतरला. "अरेरे! ओ पावणं, उठा, उठा. आजोबांस्नी बसू द्या."

मास्तरांना खिडकीची जागा मिळाली. मागच्या सीटवर कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं चालू होतं, ते बंद झालं. एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली. अक्कलकोट येईपर्यंत गाडीत कुणी मोठ्यानं बोललं नाही. मास्तरांना कळेना, हे कशामुळे चाललंय.

अक्कलकोट सुटल्यावर कंडक्टर हळूच शेजारी येऊन टेकला. "घरचंच का हो? कोन होतं?"

आता मात्र मास्तरांच्या ध्यानात आलं. पण जन्मात खोटं बोललेला माणूस नाही! त्यांनी डब्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "तसं बघायला गेलं तर, आपण सगळेच."

कंडक्टर उठला. मैंदर्गी येईपर्यंत तो ड्रायव्हरच्या केबिनला चिकटून उभा होता.

मार्थाव्वानं कपाळाला राख लावून घेतली आणि विचारलं, "राख एसटीनं येती. मग फादरला काय धाड भरलीया?"

* * *

अकलूजला आमची वीस-बावीस घरं आहेत. कारखान्यात, डेअरीत, शाळांत नोकरी करणारी. लाल रेघ अकलूजपर्यंत पोहोचेना, तेव्हा फर्नांडिसांनी तिथल्या हॉलमध्ये मोठा टीव्ही बसवला. "फादर जाऊ शकत नाहीत, सिग्नल जाऊ शकतो!" सोलापूरची मिस्सा थेट अकलूजला दिसणार.

पहिल्या रविवारी सगळे नटूनथटून हजर. मिस्सेत एक क्षण असा येतो की फादर दोन्ही हातांनी प्रसाद डोक्यावर उंच धरतात आणि सगळे गुडघे टेकून मान खाली घालतात. फादरांचे हात खाली येईपर्यंत हलायचं नाही.

फादर इनासांनी हात वर केले. अकलूजकरांनी गुडघे टेकले. आणि नेट गेलं!

पडद्यावर फादर हात वर करून थिजलेले. तोंडासमोर एक गोल गरगरतोय. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पहिल्यांदा उठायचं कुणी? सोलापुरात मिस्सा संपली, लोक घरी गेले, फादरांनी चहा घेतला. अकलूज अजून गुडघ्यावर!

शेवटी डेअरीतून रिटायर झालेले एक आजोबा मान खालीच ठेवून पुटपुटले, "आरं, कुनीतरी फोन लावा की! फादरचं हात अवघडलं असतील."

समितीच्या अहवालात फर्नांडिसांनी लिहिलं: 'अकलूज केंद्रात भाविकांची एकाग्रता लक्षणीय वाढली आहे.'

या यशानं त्यांना जोर आला. मार्थाव्वाचा प्रश्नही व्हिडिओ कॉलवर सोडवावा, असं त्यांनी सुचवलं. त्या दिवशी फादर इनास पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. "कॉन्फेशन फोनवर होत नाही, फर्नांडिस! समोर माणूस लागतो."

मास्तरांनी हे मार्थाव्वाला सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "एवडं मोटं फोनात मावलंबी नसतं."

* * *

वर्षातून एक रविवार फादर-सिस्टर होऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी प्रार्थना करण्याचा असतो. त्या दिवशी बिशप हाऊसहून एक मोठे फादर आले. चांगले वक्ते, चांगला चष्मा, चांगली गाडी. प्रवचनात त्यांनी विचारलं, "तुमच्या गावाला आणखी फादर हवेत, असं किती जणांना वाटतं? हात वर करा!"

चर्चभर हात. दोन्ही हात वर करणारेही होते.

"छान! आता, आपला मुलगा फादर व्हावा असं किती जणांना वाटतं?"

हात असे खाली आले, जणू छतावरून पाल पडली. ज्यांची मुलं इंजिनिअरिंगला होती त्यांनी बायबल उघडलं. ज्यांची कॅनडात होती त्यांनी डोळे मिटले.

एकच हात वर राहिला. फर्नांडिस साहेबांचा!

मोठे फादर गहिवरले. "शाब्बास! किती मुलगे आहेत आपल्याला?"

"दोन मुली आहेत, फादर."

लोक खोकू लागले. तेवढ्यात पहिल्या बाकावरून सिस्टर क्लारा उठल्या. या बाई आमच्या पॅरिशचा अर्धा गाडा ओढतात. लहान मुलांचा धर्मवर्ग, लग्नाआधीचं समुपदेशन, सिव्हिलमधले आजारी, तुरुंगातले कैदी, सगळं त्यांच्याकडे. पण आमच्यात बाईला फादर होता येत नाही, म्हणून तक्त्यावर त्यांची रेघ नाही. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "फादर, मुली चालणार असतील तर तसं सांगा. मी इथंच बसले आहे."

मोठे फादर पाणी प्यायले. मग त्यांनी सरळ शेवटचं गाणं घ्यायला सांगितलं.

* * *

हा अगदी छोटा. बिशप हाऊसच्या ध्यानात आलं की फादर थकतायत. पत्र आलं: 'प्रत्येक धर्मगुरूने आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी.' मला पहिल्यांदाच त्या लेटरहेडबद्दल माया वाटली. मी पान उलटलं.

'विश्रांतीचे महत्त्व समजावून देण्यासाठी सोमवारी दिवसभराचे शिबिर आहे. उपस्थिती सक्तीची.'

सोमवार हाच फादर इनासांचा सुटीचा दिवस! ते बिचारे पहाटेच्या गाडीनं जाऊन आले. मी विचारलं, "काय शिकवलं, फादर?"

"दीर्घ श्वास घ्यायला," ते म्हणाले आणि संस्काराची पिशवी उचलून अंत्यविधीला गेले.

* * *

आता माझी मेंबरशिप कशी गेली ते सांगतो.

मार्थाव्वाचा नंबर नऊवरून चारवर आला होता. कसा आला, ते विचारू नका. पुढं तीनवर, दोनवर. शेवटी एका रविवारी लाल रेघ खरोखर मैंदर्गीला जाणार असं ठरलं. मास्तरांनी आदल्या दिवशी कळवलं. मार्थाव्वानं शेजारणीकडून केस विंचरून घेतले, धुतलेलं लुगडं नेसली आणि सकाळपासून दाराकडे तोंड करून पडून राहिली.

फादर आले नाहीत. ते बार्शीला होते.

बार्शीच्या आमच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या बंधूंनी नवी गाडी घेतली होती. भली थोरली, पांढरी, छताला खिडकी असलेली. तिच्यावर पवित्र पाणी शिंपडायला फादर हवे होते, आणि त्याच दिवशी हवे होते, कारण पाहुणे सांगितले होते. फर्नांडिसांनी लाल रेघ वळवली. फादर इनासांना सांगितलं, "मैंदर्गी रीशेड्यूल केलंय."

संध्याकाळपर्यंत मार्थाव्वा दाराकडे बघत होती. मास्तर सांगत होते, शेवटी ती एवढंच म्हणाली, "लुगडं बदला. हे पुन्यांदा लागंल."

पुढच्या बैठकीला मी हे सगळं कौन्सिलसमोर मांडलं. बार्शीचे बंधूही हजर होते. मी त्यांनाच विचारलं, "साहेब, एक सांगा. फॉर्म भरताना तुम्ही गाडीची अवस्था काय लिहिलीत? गंभीर की अत्यवस्थ?"

गोंधळ झाला! कुणी म्हणालं, पेपरवाल्याला चर्चमध्ये घेतलंच कुणी? कुणी म्हणालं, ही भाषा शोभत नाही. बंधू म्हणाले, "मी काय चुकलो? मी विचारलं, फादर आले." मी म्हणालो, "ती बाई कित्येक महिने विचारतेय!"

आठ दिवसांत मला पत्र आलं. 'आपल्या बोलण्यामुळे समाजात कटुता निर्माण झाली असून आपल्याला विश्रांती देण्यात येत आहे.' कौन्सिलनं पाळलेला विश्रांतीचा हा एकमेव नियम!

* * *

आणि हा शेवटचा.

पत्र आलं त्याच आठवड्यात, रविवारी भल्या सकाळी, फादर इनास माझ्या दारात उभे. गळ्यात संस्काराची छोटी पिशवी.

"साळवे, तुमची गाडी चालू आहे ना? मैंदर्गीला जायचं."

"फादर, तक्त्यात तर..."

"तक्ता भिंतीवर आहे. मी खाली आहे. चला."

वाटेत मास्तरांना घेतलं. मास्तरांच्या घरासमोरच फर्नांडिस उभे! त्यांना कुणी कळवलं, देव जाणे. लाल रेघ विनापरवाना सुटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते न विचारता पुढच्या सीटवर बसले. "दुपारी बार्शी आहे," एवढंच म्हणाले आणि घड्याळ सोडवून हातात धरलं.

साडेनऊला पोहोचलो. मार्थाव्वा खाटेवर, अगदी मूठभर झालेली. फादरांना पाहून तिनं डोळे बारीक केले.

"आलाव व्हय? म्या म्हनलं, आता वरच गाठ पडती."

फादरांनी आम्हाला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. शेजारणीनं चहा दिला. कॉन्फेशनमध्ये आजारी माणूस बोलतो आणि फादर ऐकतात. शेवटी क्षमेचे चार शब्द. फर्नांडिसांनी जाहीर केलं, "वीस मिनिटं."

वीस झाली. चाळीस झाली. असं ऐकू नये, पण दार जुनं, फळ्यांमध्ये बोटभर फट. शब्द कळत नव्हते. आवाज तेवढा येत होता.

आवाज पुरुषाचा होता.

आधी मला वाटलं, प्रार्थना म्हणतायत. पण प्रार्थनेला एक चाल असते. हा आवाज थांबत होता, अडखळत होता, पुन्हा सुरू होत होता. मध्येच मार्थाव्वाचा एखादा हुंकार. "हं." मग पुन्हा तो आवाज. मग तिचंच, "मग?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तर चहाचा कप तसाच ठेवून उठले आणि समोरच्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले. मीही गेलो. शेवटी फर्नांडिसही आले. घड्याळ त्यांनी खिशात टाकलं होतं.

तास उलटून गेला तेव्हा दार उघडलं. फादर इनास चष्मा पुसत बाहेर आले. डोळे लाल झालेले.

"झालं का, फादर?" फर्नांडिसांनी विचारलं.

"झालं," फादर म्हणाले.

"चला, चला! मिस्टर साळवे, गाडी काढा. रस्त्यात वेळ भरून काढू."

मी गाडी सुरू केली. फादरांनी दाराच्या हँडलला हात घातला. तेवढ्यात आतून खणखणीत हाक आली, निम्म्या मैंदर्गीला ऐकू जाईल अशी.

"ओ फर्नांडिस सायेब! गाडी काय काढताव? त्येंचं झालं! माजं अजून सुरूबी न्हाय!"